मितोराय, ईगॉर

(२६ मार्च १९४४ – ६ ऑक्टोबर २०१४). आधुनिक पोलिश शिल्पकार. ग्रीक व रोमन अभिजात शिल्पपरंपरेतील मानवाकृती भग्नावस्थेत योजून त्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक स्वतंत्र शिल्पशैली निर्माण केली. तुटलेली मस्तके, हातपाय नसलेली कबंधे, पंख असलेल्या देवदूतसदृश आकृती आणि चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेल्या प्रतिमा ही त्याच्या कलेची सर्वपरिचित लक्षणे होत. अमूर्त शिल्प, मांडणशिल्प आणि संकल्पनात्मक कला यांचा बोलबाला असलेल्या काळात कांस्य व संगमरवर या परंपरागत माध्यमांत सुघटित मानवदेह घडविणारा हा कलावंत सामान्य प्रेक्षकांत अत्यंत लोकप्रिय ठरला; कलासमीक्षकांत मात्र त्याच्याविषयी कायम मतभेद राहिला. लोकप्रियता व समीक्षकांची साशंकता यांतील ही तफावत त्याच्या कलेचे मूल्यमापन करताना लक्षात घ्यावी लागते.

मितोरायचा जन्म जर्मनीच्या सॅक्सनी विभागातील ओएडरान या गावी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात झाला. त्याची आई पोलिश होती व नाझी राजवटीने तिला सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेलेले होते. वडील फ्रेंच असून ते युद्धकैदी होते. युद्धसमाप्तीनंतर आई मुलासह पोलंडला परतली आणि मितोरायचे बालपण दक्षिण पोलंडमधील ग्रॉयेट्स या खेड्यात गेले. हे खेडे ऑश्व्यँचिम या गावाजवळ आहे. याच गावाचे जर्मन नाव ऑश्विट्स. सक्तमजुरी, कैद आणि मृत्युछावणी यांच्या सावलीत जन्मलेल्या व वाढलेल्या या मुलाने पुढे आपल्या शिल्पांत युद्धाचे प्रत्यक्ष चित्रण कोठेही केले नाही. तथापि त्याच्या शिल्पांतील देह जवळजवळ नेहमीच जखमी, बांधलेला वा अपुरा असतो, हे या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण वाटते.

ब्येल्स्को-ब्यावा येथील कलाविद्यालयातील शिक्षणानंतर १९६३ मध्ये त्याने क्राकूव्हच्या ललित कला अकादमीत चित्रकलेच्या अभ्यासासाठी प्रवेश घेतला. तेथे तादेउश कांतॉर (१९१५–९०) हे त्याचे गुरू होते. चित्रकार, नाट्यदिग्दर्शक आणि ‘क्रिको–२’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेचे प्रवर्तक असलेले कांतॉर अभिजाततेचे उपासक मुळीच नव्हते. सामान्य, टाकाऊ वस्तूंना कलेत स्थान देणे आणि स्मृती व मृत्यू यांचा अखंड शोध घेणे, हा त्यांच्या कलेचा गाभा होता. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी वस्तू व माणसे कापडात, कागदात वा पिशव्यांत गुंडाळण्याचे अनेक प्रयोग केले. गुंडाळलेली वस्तू दृष्टीआड होते, परंतु तिचे मोल वाढते. आच्छादन हे रक्षणही असते आणि दफनही असते, असा या प्रयोगांमागील आशय होता. मितोरायच्या पट्टीबंद मस्तकांचा उगम शोधताना सामान्यतः ग्रीक पुराणकथांकडे वा रुग्णालयातील मलमपट्टीकडे बोट दाखविले जाते. परंतु त्या पट्ट्यांचे जवळचे नाते गुरूच्या या वेष्टनप्रयोगांशी आहे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. गुरूने ज्या वृत्तीने सामान्य वस्तू गुंडाळल्या, त्याच वृत्तीने शिष्याने अभिजात देवदेवता गुंडाळल्या. या दृष्टीने पाहता, आधुनिकतेकडे पाठ फिरविणारा कलावंत ही मितोरायची रूढ प्रतिमा अपुरी ठरते.

क्राकूव्ह येथील क्शिश्तोफोरी कलावीथीत १९६७ मध्ये त्याचे पहिले एकल प्रदर्शन भरले. पुढील वर्षी तो पॅरिसला गेला आणि तेथील राष्ट्रीय ललित कला महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. अधिकृतपणे तो चित्रकलेचा व मुद्रितकलेचा विद्यार्थी होता. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्याने मेक्सिकोत काही काळ वास्तव्य केले. ॲझटेक संस्कृतीच्या पाषाणशिल्पांतील घनतेने व त्यांच्या भव्य प्रमाणांनी तो प्रभावित झाला आणि शिल्पकलेकडे वळला. अभिजात युरोपीय परंपरेचा वारसदार म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिल्पकाराला शिल्पाची ओढ प्रथम युरोपबाहेरील एका नष्ट झालेल्या संस्कृतीच्या अवशेषांमुळे लागली, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. त्याला आरंभापासून आकर्षण होते ते अमुक एका संस्कृतीपेक्षा संस्कृतीच्या अवशेषांचे, असे यावरून दिसते. १९७४ मध्ये पॅरिसला परतल्यानंतर १९७६ मध्ये ‘ला ऊन’ या कलावीथीत त्याच्या शिल्पांचे प्रदर्शन भरले. त्याला मिळालेल्या यशामुळे त्याने स्वतःला मुख्यत्वे शिल्पकलेस वाहून घेतले.

त्याच्या जीवनातील निर्णायक वळण १९७९ मध्ये आले. त्या वर्षी तो इटलीतील कॅरारा येथे गेला व संगमरवरात काम करू लागला. १९८३ मध्ये त्याने कॅराराच्या दक्षिणेस असलेल्या प्येत्रासांता या टस्कनीतील लहान नगरात कार्यशाळा उभारली. मायकेलअँजेलोने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात याच परिसरातील खाणींतून संगमरवर मिळविण्यासाठी दीर्घकाळ खटपट केली होती. दगड फोडणारे, प्रमाण मोजून नमुना दगडात उतरविणारे, घासून झिलई देणारे आणि कांस्याचे ओतकाम करणारे कारागीर तेथे पिढ्यानपिढ्या काम करीत आले आहेत. त्यामुळे विसाव्या शतकात अनेक देशांतील शिल्पकार या भागाकडे आकृष्ट झाले. हेन्री मुर याने जवळच्या खाणपरिसरात काम केले, तर कोलंबियन शिल्पकार फेर्नांदो बोतेरो याचे प्येत्रासांता येथेच घर होते. मितोरायची कला या सामूहिक कारागिरीवर उभी आहे. माती वा प्लॅस्टरमधील मूळ नमुना तो स्वतः घडवी. त्यावरून साचा व मेणाची प्रतिकृती तयार करून, मेण वितळवून निर्माण झालेल्या पोकळीत कांस्यरस ओतण्याच्या प्राचीन पद्धतीने शिल्प सिद्ध होई. त्यानंतर रासायनिक प्रक्रियेने पृष्ठभागावर हिरवट, निळसर, तपकिरी वा पांढुरकी छटा आणली जाई. शतकानुशतके जमिनीत वा समुद्रतळाशी राहिलेल्या धातूचा भास या छटांमुळे निर्माण होतो.

मितोरायच्या शिल्पांची रूपवैशिष्ट्ये सहज ओळखता येतात. चेहरा नियमित, शांत व भावनेचा उद्रेक टाळणारा असतो. नाक सरळ, कपाळ रुंद आणि ओठ भरीव व किंचित विलग असतात. हे ओठ त्याने स्वतःच्या ओठांवरून घडविले, असे सांगितले जाते. डोळे पुष्कळदा मिटलेले, झाकलेले वा पोकळ असतात. मस्तक कवटीच्या मध्यावर वा भुवयांच्या वर एकाएकी संपते. कबंधाला बाहू नसतात, मांड्या गुडघ्यांच्या वर तुटलेल्या असतात. छातीवर वा पोटावर चौकोनी कोनाडे कोरलेले असून त्यांत एखादे लहान मस्तक किंवा दुसरीच आकृती बसविलेली असते. एका देहात दुसरा देह वास करून आहे, एका स्मृतीत दुसरी स्मृती दडलेली आहे, असा प्रत्यय त्यामुळे येतो. शिल्पांची पाठही पाहण्याजोगी असते. अनेक मस्तके मागून पूर्णतः उघडी व पोकळ असल्याने समोरून भरीव, चिरंतन वाटणारी आकृती प्रत्यक्षात पातळ कवच आहे, हे प्रेक्षकाला प्रदक्षिणा घातल्यावरच कळते. समोरचे सौंदर्य आणि मागची पोकळी यांतील हा विरोध त्याच्या उत्कृष्ट शिल्पांचे सामर्थ्य होय.

भग्न शिल्पाचे सौंदर्य ही कल्पना मितोरायची नव्हे. तिला युरोपात मोठा इतिहास आहे. प्रबोधनकाळात रोममध्ये उत्खननांतून व अवशेषांतून सापडलेली प्राचीन शिल्पे बहुधा मोडकी होती व नवे हातपाय जोडून ती पूर्ण करण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती. ‘बेल्व्हेदेरे कबंध’ या प्रसिद्ध शिल्पाला मात्र असे जोडकाम झाले नाही. विंकेलमान या जर्मन कलेतिहासज्ञाने अठराव्या शतकात त्याच्यावर लिहिलेल्या वर्णनात त्या अपुऱ्या देहातच पूर्णत्व पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पार्थेनॉनची शिल्पे लंडनला आल्यावर त्यांची डागडुजी करण्यास कानोव्हा या इटालियन शिल्पकाराने नकार दिला. याउलट, ईजायना येथील मंदिरशिल्पांना डॅनिश शिल्पकार तॉरव्हाल्सन याने अवयव जोडून दिले. विसाव्या शतकात ते जोडकाम पुन्हा काढून टाकण्यात आले. त्यानंतर रॉदँने मस्तक व हात नसलेल्या देहाला पूर्ण कलाकृतीचा दर्जा मिळवून दिला. काळाच्या आघाताने घडलेली भग्नता आता शिल्पकाराच्या निवडीने घडू लागली. मितोराय हा या परंपरेचा अखेरचा महत्त्वाचा वारसदार होय. रॉदँचे खंडित देह हालचालीचा वेग पकडतात; मितोरायचे देह थांबलेले असतात. आघात होऊन गेलेला आहे आणि आता केवळ शांतता उरली आहे, असा क्षण ते दाखवितात.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्राचीन ग्रीक शिल्पे मुळात रंगविलेली असत. त्यांच्या डोळ्यांत बुबुळे असत व देवालयांत वा सार्वजनिक जीवनात त्यांना निश्चित स्थान असे. मितोरायने या जिवंत, रंगीत व पूजनीय ग्रीक कलेचे अनुकरण केलेले नाही. त्याने स्वीकारला आहे तो वस्तुसंग्रहालयांतील व उत्खननस्थळांवरील ग्रीस–रोम : पांढरा, मूक आणि तुटलेला. म्हणजे त्याच्या कलेचा विषय प्राचीन जग हा नसून त्या जगाशी आधुनिक मनुष्याचा तुटलेला संबंध हा आहे. त्याची इरॉस, इकॅरस, सेंटॉर, पर्सियस, अस्क्लीपियस ही पात्रे पुराणकथा सांगत नाहीत. त्या कथा विसरल्या गेल्याचे भान देतात. त्याला नव-अभिजाततावादी म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. अठराव्या शतकातील नव-अभिजाततावादाला प्राचीन आदर्श पुन्हा प्रस्थापित करता येईल, असा विश्वास होता. मितोरायच्या शिल्पांत तो विश्वास आढळत नाही.

या भूमिकेला एक ऐतिहासिक संदर्भही आहे. विसाव्या शतकात अभिजात देहाचा सर्वांत उघड राजकीय वापर हुकूमशाही राजवटींनी केला. नाझी जर्मनीत आर्नो ब्रेकर याच्यासारख्या शिल्पकारांनी घडविलेले निर्दोष, पिळदार व अजिंक्य पुरुषदेह हे वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराचे साधन बनले. युद्धानंतरच्या अनेक युरोपीय कलावंतांना अभिजात मानवाकृती त्यामुळे कलंकित वाटू लागली व त्यांनी ती टाळली. ज्या राजवटीने मितोरायच्या आईला मजूर बनविले, त्याच राजवटीने गौरविलेल्या या देहाकडे तो वळला, हे वरवर पाहता आश्चर्यकारक वाटते. परंतु त्याने तो देह जसाच्या तसा उचलला नाही. त्याचा विजयोन्माद काढून घेतला, डोळे झाकले, बाहू तोडले. सामर्थ्याचे प्रतीक झालेला देह अशा रीतीने असहायतेचे प्रतीक झाला. सौंदर्य हुकूमशहांच्या स्वाधीन करून टाकण्याऐवजी त्याने ते जखमी अवस्थेत परत मिळविले. ही त्याच्या कलेची नैतिक बाजू असून तिच्याकडे समीक्षकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

त्याच्या शिल्पांपैकी ‘इरॉस बेंदातो’ (पट्टीबंद इरॉस) हे सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्याची एक प्रत क्राकूव्हच्या मध्ययुगीन बाजारचौकात नगरभवनाच्या मनोऱ्याजवळ आहे. प्रेमदेवतेचे हे विशाल कांस्यमस्तक धडावेगळे होऊन जमिनीवर कलंडलेले आहे. चेहऱ्यावर पट्ट्या आवळलेल्या असून डोळ्यांच्या जागी रिकाम्या खाचा आहेत. प्रबोधनकालीन चित्रांत मदन आंधळा, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधलेला, दाखविण्याचा संकेत होता. मितोरायने तो संकेत घेऊन त्याची चंचलता काढून टाकली व त्याला बंदिवानाचे रूप दिले. ऐतिहासिक चौकात हे आधुनिक शिल्प ठेवण्यास आरंभी विरोध झाला. रेल्वेस्थानकाजवळच्या जागेचीही सूचना पुढे आली होती, परंतु ती शिल्पकाराला मान्य झाली नाही. पुढे नागरिकांनीच हा वाद मिटविला. ते या शिल्पाला नुसते ‘डोके’ म्हणतात, त्याच्यापाशी भेटण्याचे ठरवितात आणि मुले पोकळ मस्तकात शिरून डोळ्यांच्या खाचांतून बाहेर डोकावतात. आंधळ्या देवाला अशा रीतीने रोज नवी दृष्टी मिळते. कलावंताने न योजलेला हा अर्थ शिल्पाला मारक न ठरता पोषकच ठरला आहे.

धार्मिक शिल्पांपैकी रोममधील ‘सांता मारिया देल्यी आंजेली’ या चर्चची कांस्यद्वारे (२००६) विशेष महत्त्वाची आहेत. सम्राट डायोक्लीशनच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत मायकेलअँजेलोने या चर्चची रचना केली होती. म्हणजेच ते मुळातच अवशेषातून जन्मलेले पूजास्थान आहे आणि मितोरायच्या प्रवृत्तीला याहून अनुरूप स्थळ सापडणे कठीण होते. एका द्वारावर देवदूताने मेरीला दिलेल्या शुभवार्तेचा व दुसऱ्यावर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा प्रसंग आहे. पुनरुत्थित ख्रिस्ताच्या देहावर क्रूसाच्या आकाराची खोल भेग दाखविली आहे. क्रूस हा देहाबाहेरचा लाकडी खांब न राहता देहातील विदारण झाला आहे. भग्नतेला येथे नेमका धर्मशास्त्रीय अर्थ लाभला असून त्यामुळे हे शिल्प त्याच्या श्रेष्ठ कृतींत गणावे लागते. वॉर्सातील जेझुइट चर्चसाठीही त्याने २००९ मध्ये कांस्यद्वार घडविले. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या बॉबॉली उद्यानात सादर झालेल्या ‘आयीदा’ या संगीतिकेचे नेपथ्यही त्याचे होते.

सार्वजनिक ठिकाणी उभारलेल्या त्याच्या शिल्पांत मिलानमधील ‘ग्रांदे तोस्कानो’, पॅरिसच्या ला देफाँस विभागातील ‘तिंदारो’ व लंडनच्या कॅनरी व्हार्फ येथील ‘तेस्ता आद्दोर्मेंताता’ (निद्रिस्त मस्तक, १९८३) यांचा अंतर्भाव होतो. काचेच्या व पोलादाच्या कार्यालयीन इमारतींच्या पायथ्याशी ठेवलेली ही शिल्पे दुहेरी परिणाम साधतात : इमारतींचे आयुष्यही मर्यादित आहे, याची आठवण ती देतात, त्याच वेळी धनिक कंपन्यांच्या प्रांगणांना संस्कृतीचे सुलभ अलंकरणही पुरवितात. व्हेनिस द्वैवार्षिकीत त्याने १९८६ मध्ये भाग घेतला. त्याच्या कलेचा खरा कस मात्र प्रत्यक्ष पुरातत्त्वीय स्थळांवर लागला. २०११ मध्ये सिसिलीतील अग्रिजेंतोच्या मंदिरदरीत त्याच्या शिल्पांचे प्रदर्शन भरले. इ. स. पू. पाचव्या शतकातील कॉन्कॉर्डिया मंदिरापुढे आडवा पडलेला ‘कोसळलेला इकॅरस’ अद्यापि तेथेच आहे. २०१६ मध्ये, म्हणजे मितोरायच्या मृत्यूनंतर, पाँपेईच्या अवशेषांत सुमारे तीस कांस्यशिल्पे मांडण्यात आली. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरात ती इतकी सहज सामावली, की उत्खननातच सापडली असावीत असे अनेक प्रेक्षकांना वाटले. ‘डेडॅलस’ हे शिल्प प्रदर्शनानंतरही पाँपेईत ठेवण्यात आले.

या सहज सामावण्यातच आक्षेपाचे बीज आहे. खरा अवशेष आणि घडविलेला अवशेष यांतील अंतर पुसले गेले, तर कलावंताने स्वतःचे असे काय सांगितले, हा प्रश्न उपस्थित होतो. पाँपेईतील भग्नतेमागे प्रत्यक्ष संहार आहे. कार्यशाळेतील भग्नता मात्र मोजूनमापून, झिलई देऊन सिद्ध केलेली असते. मितोरायच्या दुय्यम शिल्पांत ही कृत्रिमता जाणवते. तुटलेल्या कडा फार स्वच्छ असतात, जखम दुखत नाही आणि विषण्णतेचे रूपांतर शोभेत होते. ‘पर्सियस’, ‘अस्क्लीपियस’ यांसारख्या लहान शिल्पांच्या मोठ्या संख्येने काढलेल्या क्रमांकित प्रतींमुळे त्याची शैली घरोघरच्या दिवाणखान्यांत पोहोचली आणि तितकीच झिजलीही. जवळजवळ चार दशकांच्या काळात तिच्यात मूलगामी परिवर्तन झाले नाही. तोच चेहरा, तेच ओठ, तेच पंख पुन्हा पुन्हा येत राहिले. त्याच्या कलेला केवळ सजावटी ठरविणाऱ्या समीक्षकांच्या मतात यामुळे काही तथ्य आहे, हे मान्य करावे लागते.

भारतीय प्रेक्षकाच्या दृष्टीने मितोरायची शिल्पे एक वेगळा प्रश्न निर्माण करतात. भारतीय परंपरेत मूर्ती भंगली म्हणजे ती सामान्यतः पूजेस अयोग्य ठरते व तिचे जलात विसर्जन केले जाते. खंडित मूर्तीविषयी खंत वाटते, क्वचित अशुभाची शंकाही येते. परंतु तिच्या भंगलेपणातच सौंदर्य शोधण्याची दृष्टी परंपरेने दिलेली नाही. घारापुरीच्या लेण्यांतील भग्न शिल्पपट पाहताना जाणकार प्रेक्षक मनोमन तुटलेले हात जोडतो व मूळ मुद्रा कल्पितो. उणीव ही उणीवच राहते. मितोरायच्या कलेत उणीव हेच विधान आहे. देवत्व निघून गेल्यानंतर उरलेल्या रूपाचे करावयाचे काय, हा प्रश्न ज्या संस्कृतीत प्राचीन देवतांची उपासना शतकांपूर्वी खंडित झाली तेथे उद्भवतो. जेथे ती चालू आहे, तेथे तो याच स्वरूपात उद्भवत नाही. अभिजात परंपरेचा वापर हा सर्वत्र सारखा नसतो, तो परंपरा जिवंत आहे की खंडित यावर अवलंबून असतो, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

मितोराय २०१४ मध्ये पॅरिस येथे निधन पावला. त्याच वर्षी पीसाच्या प्रसिद्ध कॅथीड्रल-चौकात त्याच्या शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याचे दफन प्येत्रासांता येथे करण्यात आले. या नगराने त्याला पूर्वीच सन्माननीय नागरिकत्व दिले होते. त्याच्या एकूण कार्यात पुनरावृत्ती पुष्कळ आहे आणि त्याच्या यशाला बाजारपेठेचाही हातभार लागलेला आहे. तथापि ‘इरॉस बेंदातो’, रोमची कांस्यद्वारे व अग्रिजेंतोचा इकॅरस यांसारख्या मोजक्या कृतींत त्याने अभिजात सौंदर्याला त्याच्या गतकाळातील गर्वापासून सोडविले आणि ते दुबळ्या, मर्त्य मनुष्याच्या पंक्तीला आणून बसविले. ज्या शतकाने मानवी देहाची अभूतपूर्व विटंबना केली, त्या शतकानंतर देहाचे सौंदर्य प्रामाणिकपणे दाखवावयाचे तर ते जखमेसह दाखविले पाहिजे, ही त्याची धारणा या कृतींत निःसंशयपणे प्रत्ययास येते. तिच्या बळावरच आधुनिक शिल्पकलेत त्याचे स्थान टिकून राहील.